आजचा दात कुणाचा

कुठलाही दात माझ्यासमोर ठेवा, तो कुणाच्या हातचा ते मी सांगते. ही बढाई नाही. सव्वीस वर्षं मी लोकांचे दात बनवतेय आणि आमच्या डेंटल लॅबमध्ये हात आहेत एकूण सात जणांचे. भट्टीवाला कडा जाड ठेवतो, त्याला घाईच फार. चष्मेवाली पुढच्या दातांच्या टोकांना नको तितकी निळसर झाक देते. आणि माझ्या खालच्या दाढेला जिभेच्या बाजूने एक तिरकी, केसाएवढी रेघ असते. ती कुठल्या पुस्तकात नाही. खऱ्या दाढेला काहीतरी वाकडं असतंच, म्हणून मी ती काढते. ही रेघ मी आजवर एकाच व्यक्तीला शिकवली, माझ्या धाकट्या जावेला.

धाकटीला लॅबमध्ये मीच आणलं. आम्ही एकाच घरात राहतो. खाली आम्ही, वर ते. माझ्या दिराच्या पाठीचं ऑपरेशन बिघडलं आणि तो घरी बसला, तेव्हापासून वरचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. पहिले सहा महिने ती नुसती प्लास्टर कालवत होती. मग एक दिवस मी तिच्या हातात ब्रश दिला, पोर्सेलीनचा थर कसा द्यायचा ते दाखवलं, आणि बाईनं वर्षभरात मला घाम फोडला. हात देवानं दिलेला. मला तिचा अभिमान होता. थोडी असूयाही होती, खोटं कशाला बोलू.

सुरुवात झाली ती एका डॉक्टरांच्या फोनमुळे. आमचं निम्मं काम ह्या एका डॉक्टरांकडून येतं. त्यांच्या एका पेशंटबाईंनी इंटरनेटवर स्वतःचीच दाढ पाहिली म्हणे. ‘आजचा दात’ नावाचं एक पान. रोज एक फोटो, खाली दोन ओळी. कुणी टाकतं ते कळत नाही. त्या फोटोत साच्याला चिकटवलेली चिठ्ठी अर्धी दिसत होती आणि चिठ्ठीवर बाईंचं आडनाव. ते डॉक्टर आमच्या साहेबांना म्हणाले, महिनाभरात माणूस शोधा, नाहीतर माझं काम दुसऱ्या लॅबला जाईल.

साहेब म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांचे चिरंजीव. लॅब काढली मोठ्या साहेबांनी. मला दात कोरायला शिकवलं तेही त्यांनीच. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून सगळा कारभार मुलाकडे. ते रोज अकराच्या सुमारास पाय मोकळे करायला येतात, पॅकिंगच्या टेबलाशी तासभर बसतात आणि जातात. मुलाचं मात्र सगळं कागदावर. डॉक्टरांच्या फोननंतर दोन दिवसांत भिंतीला एक खणांचं लाकडी कपाट लागलं, प्रत्येक खणावर नंबर. आल्या आल्या मोबाइल खणात ठेवायचा, जाताना घ्यायचा. शिवाय दोन पानांचे नियम. कामाच्या वेळेत सोशल मीडिया बंद. लॅबमधलं काहीही बाहेर टाकायचं नाही. आणि आपापली खाती कुठकुठल्या नावानं आहेत ते लिहून, खाली सही.

भट्टीवाल्यानं हात वर केला. ‘साहेब, माझं एक खातं बायकोला माहीत नाही. तेही लिहायचं का?’

आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि भट्टीवाल्याचा चेहरा पडला.

कामाचा नुसता खोळंबा. डॉक्टर लोक पेशंटच्या दाताचा रंग कळावा म्हणून मोबाइलवर फोटो पाठवतात. आता ते सगळे ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर यायला लागले. एक रंग बघायला तीन माणसं रांगेत. तिथेही आपापल्या नावानं आत शिरायचं, म्हणजे कोण किती वेळ काय बघत होतं त्याची नोंद राहते.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि कागदांची चळत पुढे सरकवली.

‘ताई, हे कुणी काय उघडलं त्याची यादी. मागच्या दोन महिन्यांचं वाय-फायचं पण आहे यात. मला ह्यातलं ओ का ठो कळत नाही, म्हणजे माणसं कळत नाहीत. तुम्ही सगळ्यांना ओळखता. घरी न्या, बघा. माझा फक्त तुमच्यावर विश्वास आहे.’

त्या शेवटच्या वाक्यानं मी हरभऱ्याच्या झाडावर चढले, हे कबूल करते. कागद पिशवीत घातले आणि वर डबा ठेवला.

दुसऱ्याच्या यादीत डोकावणं हे फार वाईट व्यसन आहे. दोन दिवसांत मला कळलं की चष्मेवाली दुसऱ्या शहरातली भाड्याची घरं बघते. म्हणजे ही सोडून जाणार, आणि कुणाला पत्ता नाही! भट्टीवाला शेळ्यांचे व्हिडिओ बघतो. तासन्‌तास शेळ्या. ह्या माणसाबरोबर मी बारा वर्षं चहा पितेय आणि शेळीचं नाव कधी त्याच्या तोंडून ऐकलं नाही. मग मला वाटायला लागलं, ह्या शेळ्या कशासाठी? शेळ्यांच्या आडून दुसरं काही चालतं का? तुम्ही हसाल. पण यादी हातात आली की साधी गोष्ट साधी राहत नाही.

लॅबचीही तीच गत. मी आले की बोलणं थांबायचं. चहाच्या वेळी जो तो आपल्या कपात बघायचा. चष्मेवाली एकदा माझ्या पिशवीकडे टक लावून बघत होती. मी पिशवी पायाशी ओढली, तर तिनं भुवई उडवली. मला शंका आली की साहेबांनी माझी यादीही कुणाच्या तरी हातात दिली असेल.

आणि धाकटी. तिच्या नावापुढे रोज एकच गोष्ट. अकरा चाळीस, अकरा पन्नास, दुपारी बारा. ‘आजचा दात’, तीन मिनिटं. ‘आजचा दात’, पाच मिनिटं. मी तिचं नाव बोटानं झाकून पुन्हा वाचलं. काय फायदा, बोटाखाली नाव तेच.

रविवारी दुपारी ह्यांचा डोळा लागला तेव्हा मी ह्यांच्या मोबाइलवर ते पान उघडलं. एकशे चाळीस फोटो. मी एकेक मोठा करून बघत गेले. भट्टीवाल्याची एखाददुसरी कॅप, चष्मेवालीचे चार पुढचे दात, एक कवळी. बाकी निम्म्याहून अधिक दाढा, आणि प्रत्येक दाढेवर ती रेघ. काही कामं माझी, काही तिची. रेघ नीट दिसावी म्हणून फोटो मुद्दाम जिभेच्या बाजूनं घेतलेला. एका फोटोखाली लिहिलं होतं, ‘ही रेघ हातानं नाही येत, त्याला मन लागतं.’

हे कोण लिहिणार? ती रेघ काय आहे हे जिला माहीत, तीच. रेघ दोघींचीच. मी फोटो टाकले नाहीत. मग उरलं कोण, हे सांगायला पंडित कशाला हवा?

त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. घरात, स्वतःच्या जावेवर. संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून मी वर जायचे. मी दारात दिसले की ती मोबाइल पालथा ठेवायची. एकदा नाही, तीनदा.

‘हल्ली मोबाइलवर फार असतेस गं,’ मी म्हटलं.

‘तुम्हीही असताच की, ताई,’ ती म्हणाली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी जिन्यावरून खाली कधी आले ते मला कळलं नाही. हिला काय माहीत आहे? हिनं मला यादी वाचताना पाहिलं का? रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

महिना संपायला चार दिवस राहिले आणि साहेबांनी पुन्हा बोलावलं. डोळे लाल, झोप नसलेले.

‘ताई, नाव सांगा. नाहीतर डॉक्टर जातील, आणि ते गेले तर मला तीन माणसं कमी करावी लागतील. फोटोंतली कामं बहुतेक तुमच्या हातची आहेत असं बाकीचे म्हणतात.’

‘कोण बाकीचे?’

‘ते राहू द्या.’

म्हणजे माझी यादी खरंच कुणाच्या तरी पिशवीत होती! मी त्या वेळी भ्याले होते आणि चिडलेही होते. मी शिकवलेली रेघ बाजारात मांडून ही बाई वाहवा मिळवते आणि मान अडकते माझी, असं माझ्या मनात आलं. भीती जास्त होती की राग, ते मला आजही सांगता येणार नाही.

‘सगळी माझी नाहीत,’ मी म्हटलं. ‘अर्धी धाकटीची आहेत. आणि मी टाकली नाहीत.’

साहेबांनी लगेच कागद काढला आणि माझ्या वतीनं लिहिलं: वरिष्ठ कारागीर म्हणून मी ही कामं ओळखली आहेत आणि ती अमुक कर्मचाऱ्यानं प्रसिद्ध केली असं माझं मत आहे.

‘तिला काढणार नाही ना? तिच्या घरी...’

‘छे हो. ताकीद देऊ. डॉक्टरांना दाखवायला काहीतरी हवं ना.’

मी सही केली.

शुक्रवारी साहेबांनी तिला आत बोलावलं. पाच मिनिटांत ती बाहेर आली, खणातून मोबाइल घेतला, ब्रश धुतले, पुसले, पेटीत ठेवले आणि कुणाकडे न बघता निघून गेली. तिला ताकीद नव्हे, कमी केल्याचं पत्र दिलं होतं. मी तरातरा केबिनमध्ये गेले.

‘तुम्ही ताकीद म्हणाला होता.’

‘ताई, डॉक्टर ऐकेनात. आणि तिनं कबूलच केलं. मी तुमची सही दाखवली, तिनं ती वाचली आणि म्हणाली, हो, मीच. एका शब्दानं वाद घातला नाही. तुमची नजर म्हणजे नजर!’

लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं. वाईट वाटलंच, पण मी चुकले नव्हते, हे आधी वाटलं.

घरी मात्र तोंड दाखवणं कठीण झालं. मी वर जाईना, ती खाली येईना. दीर ह्यांना म्हणाला की काम कमी झालं म्हणून तिला काढलं. म्हणजे तिनं घरात माझं नाव घेतलं नव्हतं. का घेतलं नव्हतं, ह्याचा विचार मी केला नाही. गुन्हेगार माणूस कशाला बोलेल, असं धरून चालले.

पुढच्या गुरुवारी चहाच्या वेळी भट्टीवाला माझ्या कानाशी आला. ‘ताई, ते पान अजून चालू आहे. सकाळीच नवा दात पडलाय.’

‘काहीतरीच काय!’

तो गेला आणि मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आपल्या नावानं, नोंद होईल हे माहीत असताना, ते पान उघडलं. फोटो खालच्या दाढेचा. ती दाढ मी बुधवारी संध्याकाळी भट्टीतून काढली होती आणि आज सकाळी पॅकिंगला दिली होती. धाकटी सहा दिवस घरी होती. तिनं ती दाढ डोळ्यांनीसुद्धा पाहिलेली नव्हती.

मी फोटो पुन्हा बघितला, आणि ह्या वेळी पहिल्यांदा दात सोडून बाकीचं बघितलं. दाढेखाली पत्र्याचं टेबल. डावीकडून खिडकीचा उजेड. आणि कोपऱ्यात अर्धा अंगठा, म्हातारा, नखाला उभी चीर. मागचे फोटो उघडले. हा अंगठा तीस-चाळीस फोटोंत होता. एकशे चाळीस फोटो मी मोठे करकरून पाहिले होते आणि अंगठा एकदाही पाहिला नव्हता. दात कुणी केला एवढंच मी बघत होते. फोटो कुणी काढला, हे बघायचं मला सुचलंच नाही. दात करणाऱ्यानंच तो लोकांना दाखवला असेल, असं आम्हां दात करणाऱ्यांशिवाय कोण गृहीत धरेल?

तो अंगठा मला पाठ होता. मी पंचवीस-सव्वीस वर्षांची असताना त्या अंगठ्यानं माझ्या हातातलं मेण दाबून दाखवलं होतं.

मी पॅकिंगच्या टेबलाशी गेले. मोठे साहेब खिडकी डाव्या हाताला ठेवून बसले होते. कुरियरवाल्याला द्यायच्या डब्या समोर उघड्या, एका हातात भिंग, दुसऱ्यात मोबाइल. त्यांचा मोबाइल खणात कोण ठेवणार, ते काही नोकर नव्हते. त्यांच्या नावाची यादीही कुणी काढलेली नव्हती.

‘अगं ये ये,’ ते म्हणाले. ‘हे बघ, दोनशे जण बघतात रोज. मी नुसतं बोलतो, हे आपोआप लिहितं. तुमच्या कामाला कोण विचारतं गं? पेशंटच्या तोंडात गेलं की संपलं. म्हटलं, लोकांना दिसू दे. त्या धाकटीचा हात तर काय आहे! कुठे असते ती? आठ दिवसांत तिचं काम नाही आलं.’

मला त्यांच्यावर ओरडताही येईना. त्यांना डॉक्टर माहीत नव्हते, नियम माहीत नव्हते, काहीच माहीत नव्हतं.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ टेबलावरच्या पेनाचं झाकण काढत-घालत राहिले.

‘बाबांचं नाव मी डॉक्टरांना कसं सांगणार? आणि ताई, तिनं स्वतः कबूल केलंय.’

‘मग मी सांगते डॉक्टरांना. लावा फोन.’

‘ताई...’

‘लावा म्हणते ना!’

फोन लावला नाही. पंधरा मिनिटांत पत्र तयार झालं. गैरसमजातून झालेली कारवाई रद्द, सोमवारपासून कामावर. माझ्या सहीचा कागद मी मागून घेतला आणि त्यांच्यासमोर फाडला. मोठ्या साहेबांचा मोबाइल कुणी आणि कसा काढून घ्यायचा, ते त्यांचं त्यांनी बघावं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले आणि थेट वर गेले.

धाकटी खाली बसून दिराच्या पँटची उसवलेली शिलाई घालत होती. दीर आत झोपला होता. मी पत्र तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं एका दमात सांगितलं. अंगठा, मोठे साहेब, सगळं. ती सुई थांबवून ऐकत होती.

‘तू हो का म्हणालीस?’ मी विचारलं. ‘तू केलं नव्हतंस, तर हो का म्हणालीस?’

‘कागदावर तुमची सही होती म्हणून.’

‘म्हणजे?’

‘मला वाटलं, पान तुमचंच आहे. दोन महिने मला तसंच वाटत होतं. रोज बघायचे मी. आपली रेघ इतक्या जवळून दुसरं कोण दाखवणार? माझंही काम टाकता म्हणून किती आनंद व्हायचा मला. तुम्ही आलात की मोबाइल पालथा ठेवायचे, तुम्हाला अवघडल्यासारखं नको म्हणून. मग त्या दिवशी ती सही बघितली. म्हटलं, ताई घाबरल्या. स्वतःला वाचवायला माझं नाव पुढे केलं.’

‘आणि तरी तू...’

‘तुम्ही मला ब्रश दिलात, ताई. म्हटलं, वाचू देत त्यांना.’

मी तिथेच खाली बसले. मला रडू आवरेना. ‘मी घाबरून नाही केलं गं,’ मी म्हटलं. मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. ‘म्हणजे घाबरले होते, पण खोटं नाव नाही दिलं. मला खरंच वाटलं होतं की तूच आहेस.’

तिनं पँट बाजूला ठेवली.

‘खरंच वाटलं होतं?’

‘अगं, यादीत रोज तुझंच...’

‘कुठली यादी?’

मी यादीचंही सांगितलं. घरी आणून वाचलेले कागद, वर यायची निमित्तं. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. तिचा चेहरा मी आजवर तसा बघितला नव्हता.

‘घाबरला असतात तर चाललं असतं मला,’ ती म्हणाली. ‘माणूस घाबरतं. पण तुम्ही जिना चढून माझ्या घरी यायचात, मी पाणी द्यायचे, आणि तुम्ही बघत असायचात.’

‘तूही माझ्यावर संशय घेतलासच ना!’

‘घेतला. पण मला कुणाला सांगावंसं नाही वाटलं. आणि मला विचारलं तेव्हा मी तुमच्यासाठी खोटं बोलले. तुम्ही मला एकदा विचारलं असतं तरी पुरे होतं.’

आतून दिरानं कोण आलंय म्हणून विचारलं. ‘ताई आल्यात, कामावर परत बोलावलंय मला,’ ती अगदी सरळ आवाजात म्हणाली. मग पत्र उचलून पुन्हा वाचलं आणि घडी घातली.

‘सोमवारी येईन. ह्यांची औषधं आहेत, घर आहे, आल्याशिवाय भागणार नाही. पण साहेबांना सांगा, माझं टेबल तुमच्या शेजारी नको.’

‘सांगते,’ मी म्हटलं.

साहेबांना मी काही सांगितलं नाही. सोमवारी तासभर आधी गेले आणि तिचं टेबल स्वतःच ओढत भट्टीच्या पलीकडे नेलं. त्याला पत्र्याचे खण आहेत, फार जड होतं. भट्टीवाला धावत मदतीला आला, पण मी त्याला हात लावू दिला नाही.